सासूला गावाला कुणी पाठवलं

४ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. आईचा गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू "सगळं ठीक" म्हणशील आणि लगेच आईच्या गोळ्यांचं विचारशील. गोळ्या वेळेवर चालू आहेत.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून घाबरू नकोस. घरी फोन केला की तू आतल्या खोलीत गेल्याचं सांगतेस, पण मागे भावोजींच्या सपातांचा आवाज चालूच असतो. मला जे सांगायचं आहे ते त्या आवाजाच्या साथीने सांगता येत नाही. शिवाय कागदावर मी अडखळत नाही.

तुझा निरोप परवा मिळाला. "ते म्हणतात तेवढं लिहून दे. तुझं काय जातंय?" जेवताना वाचला आणि घास तोंडातच फिरत राहिला. काय जातंय ते सांगतो. पण आधी भावोजींनी तुला काय सांगितलंय ते मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. कंटाळलीस तरी वाच.

आमच्या कंपनीत वेगवेगळ्या गटांनी केलेले प्रोग्रॅम एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तरं घेतात. त्यासाठी प्रत्येकाची एक खिडकी असते, बँकेत असते तशी. तिला एपीआय म्हणतात. आता प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी. एका खिडकीवर तारीख लिहिताना आधी दिवस, दुसरीवर आधी वर्ष. एक खिडकी नकार देताना लाल दिवा लावते; दुसरी हिरवा दिवा लावून आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात "नाही" लिहून देते. सगळ्या खिडक्या एका वळणाच्या असाव्यात म्हणून नियम लिहायचे, हे माझं काम. नियम म्हणजे भिंतीवर लावायचे नव्हेत, संगणकाला वाचता येतील असे. खिडकी उघडण्याआधी तिचा आराखडा या नियमांतून जातो, आणि जिथे चुकलं तिथे लाल रेघ येते. रेघ असली की खिडकी उघडत नाही.

ऑफिसात या तपासणीला कुणी तपासणी म्हणत नाही. "सासू" म्हणतात. सकाळी आलं की पहिला प्रश्न, "आज सासू काय म्हणतेय?" आणि मला काना-मात्रा म्हणतात, ते तुला ठाऊकच आहे, ते नाव भावोजींनीच ऑफिसात पोचवलं.

ज्याला सासू नको असेल त्याची सोयही ठेवलेली आहे. आराखड्याच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, की सासू त्या आराखड्याकडे बघतच नाही. त्याला "सासूला गावाला पाठवणं" म्हणतात. त्या ओळीपुढे कारण लिहिलंच पाहिजे, असा मी नियम केला. लोकांनी कारणाच्या जागी नुसतं टिंब दिलं. मी म्हटलं, कारण निदान एका वाक्याएवढं हवं. तर एकाने "कारण कारण कारण कारण" असं लिहिलं आणि ते तपासणीतून गेलं. तेव्हा मीही हसलो होतो.

आता गाड्यांचं. डायलिसिसच्या रुग्णांना घरून केंद्रावर न्यायला ज्या गाड्या जातात, त्यांच्या नोंदणीची खिडकी भावोजींच्या गटाची. गाडी शिल्लक नसली तरी ती हिरवा दिवाच लावायची आणि आत लिहायची, "गाडी उपलब्ध नाही." केंद्रावरचा पडदा फक्त दिवा बघतो. दिवा हिरवा, म्हणजे "गाडी निघाली आहे." माझा एक नियम नेमका यासाठी आहे: हिरव्या उत्तराच्या पोटात "चूक" किंवा "नकार" असा रकाना दिसला की रेघ मारायची. सासूने या आराखड्यावर रेघ मारली होती, ताई. मारली होती, हे मी दाखवू शकतो. नव्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचं होतं आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसायला हवं होतं, म्हणून भावोजी मला म्हणाले, हा आराखडा वगळ. मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी स्वतः ती ओळ लिहिली, स्वतःच्या नावाने. कारणाच्या जागी लिहिलंय, "सासूचा फार त्रास होतो आहे."

त्यानंतर एक काका, पूर्वी शाळेची बस चालवायचे ते, गळ्यात मफलर आणि मांडीवर पिशवी घेऊन इमारतीच्या दाराशी बसून राहिले. त्यांच्या बायकोने केंद्रावर फोन केला की तिथला माणूस पडदा बघून सांगायचा, "निघाली आहे, थांबा." पुढच्या डायलिसिसच्या दिवशीही तेच झालं. मग त्यांना दुसऱ्याच गाडीने न्यावं लागलं, अतिदक्षता विभागात.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनी चालवतात त्यांनी, संबंधित सगळ्यांकडून सोमवारपर्यंत लेखी मागितलंय. भावोजींनी मला मोडक्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीत नेलं आणि टाइप केलेला कागद हातात दिला.

"शुद्धलेखन तपास," म्हणाले, "बाकी हात लावू नकोस."

त्यात लिहिलंय: या नियमातून वारंवार खोट्या तक्रारी येत असल्याने तो माझ्याच सल्ल्याने बंद करण्यात आला होता. खाली माझं नाव. सहीपुरती जागा.

मी म्हटलं, "भावोजी, मी असा सल्ला दिला नाही. उलट नाही म्हणालो."

"अरे, कोण बघतंय? तू लहान आहेस, शिक्षण अर्धवट, तुझ्याकडून चूक झाली म्हटलं तर लोक 'असू दे' म्हणतात. माझ्याकडून झाली म्हटलं तर मला घरी बसवतील. मग तुझ्या बहिणीचं काय?"

म्हणजे माझं अर्धवट शिक्षण इतकी वर्षं त्यांना लाज आणायचं, आणि आता एकदम कामाला आलं.

तुझं काय जातंय, असं तू विचारलंस. माझं एवढंच आहे, ताई. मी पदवी पुरी केली नाही. माझ्याजवळ दाखवायला हे नियम आहेत, आणि त्यातला जो नियम खरंच माणसाच्या उपयोगी पडला असता तो खोटा होता, असं मीच माझ्या हाताने लिहून द्यायचं. मी सही करणार नाही. हे तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

आई नमस्कार सांगते असं लिहिणार होतो, पण तिला यातलं काही माहीत नाही.

तुझा,
भाऊ


७ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. आपली खोली पंक्चरच्या दुकानावर आहे आणि खाली हवा भरायचं यंत्र धडधडत असतं, तरी मी ते मोठ्याने वाचलं. तुझ्या आवाजात ऐकू येतं का ते बघायला. काही ओळी आल्या. काही भावोजींच्या आवाजात आल्या.

"नोकरी कुणी लावली ते विसरलास?" विसरलो नाही. दर सणासमारंभाला विसरू दिलं जात नाही. "नियमांनी पोट भरत नाही, माणसं महत्त्वाची." मग दाराशी बसलेले काका कोण होते?

पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला टोचली, आणि ती खास तुझीच आहे. "तू लहानपणी माझ्या वहीत इतक्या लाल खुणा करायचास, की मी वही उघडायचीच बंद केली." तू हे सहज लिहिलं असशील. मी काल ऑफिसात गेलो आणि त्या दिवशी सासूने भावोजींच्या आराखड्यावर मारलेल्या सगळ्या रेघा काढून बघितल्या. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नाही: रेघ. नाव एकवचनी, हवं होतं अनेकवचनी: रेघ. रकाने ठरलेल्या क्रमाने नाहीत: रेघ. असं पानामागून पान. आणि त्या गर्दीत मधेच कुठेतरी ती एक: नकारावर हिरवा दिवा. तिचा रंग इतरांहून जराही वेगळा नव्हता. पूर्णविराम आणि माणूस, दोघांनाही मी एकच लाल दिला होता. रोज ओरडणाऱ्या सासूचं कोण ऐकतो?

म्हणजे भावोजींचं अर्धं म्हणणं खरं आहे. त्रास होत होता. हे लिहिताना मला त्यांचा राग कमी यायला हवा, पण वाढलाच आहे. कारण हे ते मला सांगू शकले असते. "बाबा रे, तुझ्या रेघा फार झाल्या, महत्त्वाच्या वेगळ्या काढ." मी ऐकलं असतं. रडलो असतो, पण ऐकलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी मला काना-मात्रा म्हटलं आणि सासूला गावाला पाठवलं.

काल संध्याकाळी मी इस्पितळात गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. काका झोपलेले होते, काकू बाहेरच्या बाकावर मोजा विणत होत्या. मी कंपनीचा आहे म्हटल्यावर त्यांनी विणकाम बाजूला ठेवून मला बसायला जागा केली. मला वाटलं होतं शिव्या देतील. तयारीनेच गेलो होतो.

"तुमचा फोनवरचा माणूस फार गोड बोलायचा हो," त्या म्हणाल्या. "आजी, निघाली आहे, आलीच. मी यांना म्हणायचे, उठू नका, आलीच."

मी म्हटलं, "त्याला पडद्यावर तसंच दिसत होतं. गाडी नव्हतीच. आमच्याकडे ते माहीत होतं, पण पुढे सांगितलं गेलं नाही."

त्यांनी बाजूचं विणकाम पिशवीत घातलं. मग म्हणाल्या, "गाडी नाही म्हणाला असतात तर मी समोरच्या सुताराला उठवलं असतं. त्याच्याकडे टेम्पो आहे. तो काय नाही म्हणाला असता?"

एवढंच. आवाज चढवला नाही. ताई, मला कुणी फाडकन थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. नाही म्हणायला काय जातं या लोकांचं? माणूस दुसरी सोय करतो. सुताराला उठवतो. ज्याला "निघाली आहे" सांगितलं तो बिचारा मफलर गुंडाळून बसून राहतो.

काका वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. हे मी आधी लिहायला हवं होतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, आणि तीन पानं टाळलं, ते लिहितो.

गुरुवारी तुझ्या थोरलीने आईला फोन केला. शाळेतून, मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून. तिने विचारलं, "आजी, आम्ही तुमच्याकडे राहायला आलो तर माझं कपाट आणता येईल का?" आईला वाटलं, सुट्टीचं विचारते आहे. म्हणाली, "कपाट कशाला गं, पिशवी आण." तर पोर म्हणाली, "नाही, बाबा आईला म्हणाले, तुझ्या भावाने सही केली नाही तर तू पोरींना घेऊन त्याच्याकडेच जा." आणि मग म्हणाली, आईला सांगू नका मी फोन केला ते.

मी तुला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस.

तुझ्या पत्रात शेवटी लिहिलंयस, "घरी सगळं ठीक आहे, काळजी नसावी." मी ती ओळ परत परत वाचली. मला तुझा इतका राग आला, की आईने विचारलं, "कुणाशी भांडतोयस?" मी म्हटलं, "ताईशी." ती म्हणाली, "ती तर इथे नाही." मी म्हटलं, "तेच."

तू मला सही कर म्हणालीस ती भावोजींच्या नोकरीसाठी नव्हे, तुला घराबाहेर काढतील म्हणून. हे तू एका ओळीत लिहू शकली असतीस. का नाही लिहिलंस? मी लहान आहे म्हणून? आईला त्रास होईल म्हणून? तू हे लिहिलं असतंस तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. कदाचित सहीही केली असती. म्हणून तर राग येतो, की मला ठरवायलाच दिलं नाहीस.

सोमवारी लेखी द्यायचं आहे. उद्याचा रविवार आहे मधे. फोन करू नकोस. केलास तर मी उचलीन आणि आपण गोळ्यांबद्दल बोलू.

तुझा,
भाऊ


९ फेब्रुवारी

ताई,

हे जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून लिहितोय. आत बसवत नाही.

भावोजींचा कागद मी फाडला नाही. तो तसाच, सही न करता, माझ्या कागदाला मागून जोडला आणि दोन्ही मोठ्या बाईंना दिले. माझ्या कागदात लिहिलंय की नियमाने चूक पकडली होती. की तपासणी बंद करायला मी नाही म्हणालो होतो. की ती कुणी बंद केली. आणि हेही लिहिलं, की बारीकसारीक गोष्टींवर मी इतक्या रेघा मारत आलो की लोकांना सासू नकोशी झाली, आणि खरी तक्रार त्या गर्दीत बुडाली. त्याला मी जबाबदार. भावोजींचं नाव लिहिताना हात थांबला. पदनाम लिहून भागेल का, असं मनात आलं. मग नाव लिहिलं.

मोठ्या बाईंनी माझ्यासमोरच वाचलं. "हे तुमच्याही विरुद्ध जातं, कळतंय ना?"

"हो."

"आणि हे तुमच्या बहिणीचे यजमान ना?"

"हो."

त्यांनी भावोजींना बोलावलं, त्यांना चौकशी संपेपर्यंत गाड्यांच्या कामातून बाजूला केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तपासणी सध्या सगळ्याच गटांसाठी बंद ठेवू, वादाला कारण नको. ऐकतेस ना? ज्याने दिवा खोटा लावला त्याचा वाद, आणि घराबाहेर सासू. मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की बाहेरचं टाइपिंग थांबलं. मी म्हटलं, बाई, माझे बाकीचे सगळे नियम काढून टाका. पूर्णविराम काढा, अनेकवचन काढा, मी स्वतः खोडून देतो. हा एक ठेवा, आणि हा बंद करायची ओळच ठेवू नका. त्या "बघू" म्हणाल्या. मी म्हटलं, "बघू म्हणजे हो की नाही?" आजवर मी कुणाशी असं बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "हो. तो एक ठेवा." बाकीचे सगळे मी दुपारपर्यंत खोडले. वर्षभराचं काम होतं.

भावोजी दाराशी उभे होते. म्हणाले, "बहिणीचं घर मोडलंस."

मी म्हटलं, "भावोजी, 'जा' कोण म्हणालं?"

त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. हे तुला सांगायला हवं, कारण मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं त्यात हे आलं नाही. केवळ रागाच्या भरात म्हणाले असतील आणि आज घरी येऊन वेगळं बोलतील, असंही होईल. तू त्यांना माझ्याहून जास्त ओळखतेस. ते वेगळं बोलले तर ते खरं मानायचं की नाही, ते तू ठरव. मी त्यात तोंड घालणार नाही.

आईला काल सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती उठली, गुडघा धरून, आणि माझं टेबल भिंतीकडे ढकलायला लागली. मी म्हटलं, थांब, मी करतो. टेबल जिन्याखाली नेलं. पंक्चरवाल्याने हात लावला आणि विचारलंही नाही. आता खिडकीखालची भिंत मोकळी आहे. मोजून बघितली. थोरलीचं कपाट मावतं, उभं नाही तर आडवं.

पण मी तुला ये म्हणत नाही. जा म्हणणारा एक आणि ये म्हणणारा दुसरा, दोघंही तुझ्या वतीने ठरवणारेच. इथे जागा लहान आहे, खाली दिवसभर यंत्र धडधडतं, माझी नोकरी राहील की नाही तेही आज सांगता येत नाही. हे सगळं तुला माहीत असलेलं बरं. कुणी घराबाहेर काढलं तर जाऊन पडायची जागा म्हणून आईने भिंत मोकळी केलेली नाही. तुला यावंसं वाटलं तर यायची जागा म्हणून केली आहे.

यायचं नसेल तर तेही लिही. एका शब्दात लिही, चालेल. आम्ही टेबल परत वर आणू आणि तुझ्यावर रुसणार नाही. फक्त आम्हाला दाराशी बसवून ठेवू नकोस.

माहेरहून,
तुझा भाऊ